एका पगाराचा सराव

१२ मार्च

ताई,

मायना काय लिहावा यातच अर्धा तास गेला. ‘तीर्थस्वरूप’ लिहिलं तर तू म्हणणार, सहा वर्षांनी एक पत्र आणि त्यात आव बघा. ‘प्रिय’ लिहिलं तर म्हणणार, हा कधीपासून असलं बोलायला लागला. म्हणून नुसतं ताई.

बातमी अशी की तुझ्या भावजयीला दिवस गेले आहेत. सप्टेंबरअखेर तू आत्या होशील. तू बोलत नसलीस तरी आत्या होण्यातून तुझी सुटका नाही.

मी अजून त्याच वजनकाटे दुरुस्तीच्या दुकानात आहे. मालकांचे केस गेले, बाकी सगळं तसंच. तुझी भावजय पाणीखात्याच्या प्रयोगशाळेत असते. शहरभरातून पाण्याच्या बाटल्या येतात, त्या ती तपासते. घरी मात्र माठातलं पाणी न बघता पिते.

आम्ही असं ठरवलं आहे की बाळ वर्षाचं होईपर्यंत दोघांपैकी एकानं घरी राहायचं. म्हणजे अर्थातच तिनं. तेव्हा एका पगारात भागतं का, ते आधी बघून घ्यावं. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात ना, आम्ही अंथरूण आत्ताच कापून लहान केलं आहे, म्हणजे पायांना सवय होईल. या महिन्यापासून माझा पगार पहिल्या तारखेला बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जातो. घरभाडं, भाजी, दूध, वीज, सगळं त्यातून. तिचा पगार बँकेत, त्याला हात लावायचा नाही. सहा महिने असा सराव करायचा. कल्पना माझी. तिलाही आवडली असावी, कारण ती काही बोलली नाही.

तुझं कसं चाललंय? गुडघे दुखतात का अजून? आमच्या घराला मागे एक खोली आहे, रिकामीच असते. सकाळी छान ऊन येतं तिथे. दुखऱ्या गुडघ्यांना ऊन चांगलं म्हणतात. सहज लिहिलं.

तुझा भाऊ

१९ एप्रिल

ताई,

पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं असणार. तू घेतलंस आणि फाडलं नाहीस, एवढं मी धरून चालतो. पोस्टमन काही सांगत नाही.

सराव झकास चालला आहे. खरं सांगतो, मला वाटलं होतं वीस तारखेला डब्याचा तळ दिसेल. पण एकतीस तारखेला सकाळी झाकण उघडलं तर चक्क पैसे शिल्लक! तुझ्या भावजयीची काटकसर मला माहीतच नव्हती. मी तिला तसं म्हटलं, तर ती म्हणाली, “मी कुठे, तूच हल्ली कमी खातोस.” मी कमी खात नाही. पण कौतुक होत असताना मध्ये बोलू नये.

आम्ही काय काय सोडलं ते सांगतो. बाहेरचं जेवण सोडलं. बस सोडून मी चालत जातो, चाळीस मिनिटं लागतात. वर्तमानपत्र बंद केलं, शेजारच्यांचं संध्याकाळी मागून आणतो, बातम्या शिळ्या असल्या तरी चालतात. केस तीच कापते. दुकानात मालकांनी पहिल्या दिवशी विचारलं, “काय हो, अंधारात बसला होतात का?”

मागच्या खोलीला चुना काढून घेतला. पलंग आहे तिथे एक. एका माणसाला पुरेल असा.

तुझा भाऊ

८ जून

ताई,

हे पत्र वाचून झालं की ठेवून दे, कोणाला दाखवू नकोस. तू कोणाशी बोलत नाहीस, निदान माझ्या बाबतीत तरी, म्हणून तुलाच सांगतो.

सराव खरा नाही. मी लबाडी करतोय.

दर रविवारी मी जुन्या मित्राकडे जातो असं घरी सांगितलं आहे. मित्र वगैरे कोणी नाही. मी भाजीच्या ठोक बाजारात जातो, पिशवीत हत्यारं घेऊन. तिथे पन्नासेक व्यापारी आहेत आणि निम्म्यांचे काटे आजारी. खाली बसायचं, काटा सोडवायचा, घासायचा, तेल द्यायचं. मिळतील ते पैसे सोमवारी गुपचूप डब्यात टाकतो, थोडे थोडे, संशय येऊ नये म्हणून. शर्टाला कांद्याचा वास येतो. मागच्या आठवड्यात ती म्हणाली, “तुझा मित्र कांदे फार खातो वाटतं.” चोराच्या मनात चांदणं! मी तीन दिवस तिच्या नजरेला नजर दिली नाही.

पण करू काय? मार्चमध्ये बावीस तारखेलाच डबा हलका लागायला लागला. ती घरी राहणार, बाळ तिच्याजवळ राहणार, हे चित्र मनात इतकं पक्कं झालं होतं की ते मोडायला हात धजेना. आणि डब्यात उरतंय म्हटल्यावर ती किती निवांत दिसते म्हणून सांगू.

बाळ लाथा मारतं. बाकी सगळं ठीक. तू बरी आहेस ना, एवढं कळवलंस तरी पुरे.

तुझा भाऊ

१४ ऑगस्ट

ताई,

हसावं की रडावं ते तूच ठरव. आमचं दोन्ही करून झालंय.

डब्यात एवढी शिल्लक पडली की आम्ही पाळणा घ्यायचं ठरवलं. चांगला, लाकडी. जाता जाता बँकेत पासबुक भरून घ्यावं म्हणून शिरलो. बाकावर बसून मी आकडे बघतोय तर प्रत्येक महिन्यात तिच्या पगारातून एक रक्कम काढलेली. पाच महिने. मी म्हटलं, “हे काय?” ती म्हणाली, “डब्यात टाकत होते.”

“कोणत्या डब्यात?”

“आपल्याकडे डबे किती आहेत?”

म्हणजे बघ. मी सोमवारी टाकायचो, ती गुरुवारी. मला वाटायचं ती काटकसरी, तिला वाटायचं मी उपाशी राहतोय. दोघं एकाच डब्यात चोरून पैसे टाकत होतो आणि महिनाअखेरीस त्याच डब्यासमोर बसून एकमेकांची पाठ थोपटत होतो! बँकेतल्या बाकावर आम्ही इतके हसलो की शिपाई बघायला आला. मग ती हसता हसता रडायला लागली आणि शिपाई निघून गेला.

माझ्या धंद्यातला पहिला नियम काय, तर काटा बघताना आधी दोन्ही पारडी रिकामी करायची आणि मग तो मध्ये येतो का बघायचं. वीस वर्षांचा असल्यापासून हेच करतोय. आणि घरच्या काट्यावर पाच महिने आम्ही दोघं दोन्हीकडून बोट ठेवून बसलो होतो.

खरा हिशेब परवा मांडला. माझ्या एकट्याच्या पगारात घर वीस तारखेपर्यंत चालतं. पुढचे दहा दिवस हवा खायची. पाळणाघराची चौकशी केली, ते माझा जवळजवळ सगळा पगार मागतात.

म्हणून आता सरळ विचारतो. इतके महिने ताकाला जाऊन भांडं लपवत होतो. मागची खोली, सकाळचं ऊन, तुझे गुडघे, सगळं त्यासाठीच होतं. पहिलं पत्र लिहायला बसलो तेव्हाच हे मनात होतं. तू येशील का, ताई? वर्षभरच. तू एकटीच असतेस. बाळाला तुझ्यासारखं कोण सांभाळणार? मला तूच वाढवलंस.

उत्तर लवकर दे. दिवस कमी आहेत.

तुझा भाऊ

२१ ऑगस्ट

ताई,

मागचं पत्र फाडून टाक. मिळालं नसेल तर उत्तमच.

काय झालं ते जसंच्या तसं लिहितो. मी एका कागदावर तीन रकाने पाडले होते. पहिल्यात तुझी भावजय घरी. दुसऱ्यात पाळणाघर. तिसऱ्यात ताई. प्रत्येकाखाली खर्च किती ते लिहिलं. कागद टेबलावरच राहिला. मी कामावरून आलो तेव्हा ती तो समोर घेऊन बसली होती. तिनं तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं.

“हे शून्य कोणाचं?”

“ताईचं,” मी म्हटलं. “म्हणजे, ती काही घेणार नाही ना.”

“ती घेणार नाही, की तू देणार नाहीस?”

मग तिचं बोट पहिल्या रकान्यावर सरकलं.

“आणि पहिल्या रकान्यात मी. मला विचारलंस कधी? सगळ्यांना सांगतोस, आपण ठरवलं. मी कधी ठरवलं? मला माझं काम आवडतं. पैसे काढून डब्यात का टाकत होते माहितीये? सराव जमला नाही तर दोष माझ्यावर येईल म्हणून. आणि जमला तर मी घरी बसणार म्हणून रडूही यायचं. अशी मी दोन्हीकडून अडकले होते.”

ताई, ते शून्य माझ्याच अक्षरातलं होतं. छान गोल काढलं होतं.

सहा वर्षांपूर्वी बाबांच्या माघारी आपण घर आवरत होतो. ट्रंकेच्या तळाशी तुला तुझ्या नेमणुकीचं पत्र सापडलं, नकाशे कचेरीतलं. तू एकोणीस वर्षांची होतीस, आठ महिने तिथे नकाशे काढलेस, आणि आई गेली. मी पाच वर्षांचा. बाबांनी तुला घरी बसवलं. तू तो कागद हातात धरून एवढंच म्हणालीस, “हे तुझ्यासाठी सोडलं रे.” आणि मी म्हणालो, “मी सांगितलं होतं का तुला? पाच वर्षांचा होतो मी.” तू कागद घडी करून ठेवलास आणि त्यानंतर माझ्याशी बोलली नाहीस.

मी सांगितलं नव्हतं, हे खरं आहे. पण तुलाही कोणी विचारलं नव्हतं. आणि चौदा वर्षं तुझ्या हातचं गरम गरम जेवलो तो मीच. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. चूक माझी होती, ताई. मी लाजिरवाणं बोललो. त्याची माफी मागायला सहा वर्षं लागली, आणि त्याआधी मी तुला पुन्हा फुकटात राबायला बोलावून बसलो! अशा भावाला तू ठोंब्या म्हणायचीस, ते काही उगाच नाही.

कागदावर चौथा रकाना पाडला. त्यात मी. तिचा पगार माझ्यापेक्षा जास्त, नोकरी कायमची, दवाखान्याचा खर्चही तिच्या खात्याकडून. सरळ गणित होतं. आम्ही ते कधी मांडलंच नाही, कारण उत्तर आधीच लिहून ठेवलं होतं. मी म्हटलं, “मी राहतो घरी.” ती म्हणाली, “तू? तुझ्या डोळ्यांदेखत दूध उतू जातं.” पण म्हणताना हसत होती. आणि या वेळी मी विचारलं, चालेल का तुला? ती म्हणाली, उद्या सांगते. आज सकाळी सांगितलं. चालेल म्हणाली.

तू उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. हे खरंच लिहितोय, सहज नाही.

तुझा भाऊ

४ ऑक्टोबर

ताई,

मुलगी झाली. दोघी छान आहेत. दवाखान्यात वजन सांगितलं दोन किलो नऊशे दहा. मी म्हटलं, काटा जरा बघू का? नर्सबाई चिडल्या. पण पारडं रिकामं असतानाच काटा वीस ग्रॅम दाखवत होता. तेव्हा तुझ्या भाचीचं खरं वजन दोन किलो आठशे नव्वद. नर्सबाईंनी वहीत खोडून दुरुस्त केलं आणि मला बाहेर काढलं.

घर बदललं. भाडं हीच मोठी धोंड होती. आता आम्ही एका लॉन्ड्रीच्या मागे राहतो, तळमजल्यावर. एकच खोली, कोपऱ्यात ओटा. दिवसभर वाफेचा आवाज येतो, पण लॉन्ड्रीकडची भिंत कायम गरम असते. दोरी बांधली आहे, लंगोट तासाभरात वाळतात. सगळे विचारतात इतकी वाईट जागा का घेतली, आणि आम्ही दोघं त्या भिंतीला पाठ लावून मजेत बसलेले असतो.

मागची खोली आता नाही, हे मुद्दाम कळवतो. तुला ये म्हणायला माझ्याकडे आता जागाच उरलेली नाही. तेव्हा माझी पत्रं निर्धास्त वाच.

सराव पुन्हा सुरू केला आहे. या वेळी तिच्या पगारावर. डिसेंबरपर्यंत तिला रजा आहे, त्यानंतर ती कामावर आणि मी घरी. डब्यात कोणी काही टाकायचं नाही. कमी पडलं तर मोठ्यानं सांगायचं. कालच मी ओरडलो, “साबण संपला आणि आणणार नाहीये!” बाळ दचकून उठलं. त्याबद्दल बोलणी खाल्ली.

तुझा भाऊ

१७ जानेवारी

ताई,

दोन आठवडे झाले मी घरी आहे. पत्र तीन हप्त्यांत लिहितोय. अक्षर बदललेलं दिसलं तर समज की मध्ये मुलगी रडली.

मालक म्हणाले होते, “पुरुषमाणूस घरी बसून करणार काय?” दया म्हणून त्यांनी दुरुस्तीला छोटे काटे घरी पाठवायचं कबूल केलं, रोज दोन. मी ऐटीत म्हटलं, चार पाठवा. पहिल्या आठवड्यात एक झाला. तोही उलटा जोडला.

सकाळी तुझी भावजय कामावर जाते. मग दूध, ढेकर, लंगोट, झोप. झोप म्हणजे अकरा मिनिटं. मी मोजली आहेत. अकरा मिनिटांत भांडी घासून होत नाहीत, भाजी चिरून होत नाही, पण दोन्ही अर्धवट होतात. जेवतो उभ्यानं. परवा तुझी भावजय घरी आली, चप्पल काढता काढता म्हणाली, “काय केलंस दिवसभर?” वाईट हेतूनं नाही, आपलं असंच. पण माझा असा काही संताप झाला, की मी भाजीचा डाव आपटला. ती बघतच राहिली.

आणि एकदम आठवलं. मी दुसरी-तिसरीत असेन. शाळेतून आलो, तू ताट वाढत होतीस, आणि मी विचारलं, “ताई, तू दिवसभर काय करतेस गं?” तू म्हणालीस, “माशा मारते.” मी ते खरंच मानलं. वर्गात सगळ्यांना सांगितलं, माझी ताई काही करत नाही, घरी असते.

असो. मी तक्रार करत नाही. उलट, कोणाला सांगू नकोस, मी सुखात आहे. मुलगी आता माझा आवाज ओळखते. मी काटा घासायला बसलो की पितळी पारड्यात तिला स्वतःचं तोंड दिसतं आणि ती खुदकन हसते. ते बघायला मी एकटाच असतो. पैसे पुरतात, जेमतेम, पण खरेखुरे पुरतात. गेल्या महिन्यात एकतीस तारखेला डब्यात दोन नाणी उरली. आम्ही ती खाली-वर करून पाहिली आणि एकमेकांकडे पाहिलं. या वेळी कोणीच टाकलेली नव्हती.

एकच सांगायचं होतं. हे मी एक वर्ष करणार, मला विचारून, माझ्या मर्जीनं, आणि संध्याकाळी मुलीला घ्यायला दुसरं माणूस घरी येतं म्हणून. तू चौदा वर्षं केलंस, आणि यातलं काहीच तुझ्याकडे नव्हतं. मी तुझ्या पासंगालाही पुरणार नाही. उठली वाटतं. थांबतो.

तुझा भाऊ

५ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र मिळालं. पाकिटावरचं अक्षर बघूनच मी खाली बसलो. तुझी भावजय कामावर होती, म्हणून भाचीला वाचून दाखवलं. चारच ओळी, त्यामुळे तिनं पूर्ण ऐकलं. मला आता त्या पाठ आहेत:

“ठोंब्यास, तुझी सगळी पत्रं मिळाली. एकही फाडलं नाही, ऑगस्टातलंही नाही. सांभाळायला येणार नाही. पाहुणी म्हणून येईन, दोन दिवस, पंधरा तारखेला. मी काही उचलणार नाही, चहा हातात मिळाला पाहिजे. घर कसं सापडेल ते कळव.”

सहा वर्षांत मला कोणी ठोंब्या म्हटलं नव्हतं.

घर सापडावं म्हणून सोबत नकाशा काढून पाठवतोय. हसू नकोस. स्टेशन डावीकडे आहे, पूल मी थोडा जास्तच लांब काढलाय, आणि लॉन्ड्री कागदात मावली नाही म्हणून मागच्या बाजूला आहे. चुका असतील. लाल पेन्सिलीनं दुरुस्त करून आणशील तर भिंतीवर लावीन, गरम भिंतीवर. तुझ्या हातचा नकाशा मी अजून एकही पाहिलेला नाही.

मी स्टेशनवर येणारच आहे, मुलीला घेऊन. पण नकाशा असू दे.

खोलीत खुर्ची एकच आहे, ती तुझी. पाठ भिंतीकडे केलीस तर गुडघ्यांनाही बरं वाटेल. दोन्ही दिवस तू तिथून उठायचं नाहीस. वाटलं तर मुलीला मांडीवर घे. नाही वाटलं तर घेऊ नकोस. चहा मी करणार. दूध आता उतू जात नाही, फारसं.

काल डब्यातून पैसे घेऊन तुझ्यासाठी चहा-साखर आणायला निघालो आणि दुकानाच्या पायरीवर थबकलो. माझ्या चहाला किती साखर लागते, तो किती गरम लागतो, कपाची कोणती बाजू फुटकी चालत नाही, सगळं तुला माहीत होतं. तू तुझा चहा कधी प्यायचीस, हेसुद्धा मला आठवेना.

तेव्हा उलट टपाली एवढं कळव. साखर किती घेतेस?

ठोंब्या